खुलासा : वादळात तंबूची दारं उघडी ठेवू नका

सातपुड्यातल्या तोरणमाळ, पाल या ठिकाणी तंबू घेऊन जाणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘वारा सुटला की तंबूची दोन्ही दारं उघडा, वारा आरपार जातो. आत जड सामान असेल तर खुंट्याही नकोत.’ दोन्ही गोष्टी चूक आहेत.

वारा आरपार जातो तो नुसतं छत असलेल्या मांडवाखालून. तळ शिवलेल्या चार-सहा जणांच्या तंबूत तो शिरतो आणि कापड आतून फुगवून वर उचलतो. म्हणून वाऱ्याकडची दारं-खिडक्या बंदच हवीत. हवेसाठी आडोशाच्या बाजूची झडप पुरे. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे करा. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, तिथे बॅगांचं वजन काय पुरणार?

खरी मेख जमिनीत आहे. तापीकाठच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात. तंबूसोबत येणारी बारीक तारेची खुंटी तिथे हातानेही उपसते. लांब, रुंद खुंट्या घ्या आणि डोकं तंबूपासून बाहेर झुकेल अशा तिरप्या, पार मातीपर्यंत ठोका. तोरणमाळच्या कातळात खुंटी शिरतच नसेल तर तणावा (तंबू ताणून धरणारी दोरी) मोठ्या दगडाला बांधा. पावसात नायलॉन सैल पडतं, तेव्हा तणावे पुन्हा ओढावे लागतात.

मे-जूनमध्ये रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या करणारं वादळ येताना दिसलं, तर मात्र यातलं काहीच पुरत नाही. वेळ असेल तर तंबू पाडा, नाहीतर तसाच सोडा आणि गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जा. झाडाखाली नको, विजा असतात.