परदेशी फटफटी घेऊ इच्छिणाऱ्या ठाणेकरांस

सर्वप्रथम अभिनंदन. खाली पार्किंगमध्ये तुमची बुलेट उभी आहे, तिची पीयूसी संपली आहे, कव्हरखाली सोसायटीच्या मांजरीचं बाळंतपण उरकलं आहे, आणि तुम्ही मात्र व्हिएतनामात हनोईला जाऊन दुसरी गाडी घेणार, ती लाओस-कंबोडियातून फिरवणार. असं काही ऐऱ्यागैऱ्याला सुचत नाही. त्यासाठी गायमुखच्या चढावर ट्रेलरच्या मागे पहिल्या गिअरमध्ये जन्म घालवावा लागतो.

"स्वतःचीच का नेत नाही?" असं सासरेबुवा विचारतील. त्यांच्यापुढे नकाशा पसरा. पाकिस्तानकडे जाणारा अटारीचा दरवाजा एप्रिल 2025 मध्ये बंद झाला. मणिपूरच्या मोरे गावाहून म्यानमारमार्गे थायलंड गाठणारे एकेकाळी होते, पण 2021 च्या लष्करी उठावानंतर तिकडे घरच्यांशी कायमचं भांडलेला माणूसच निघेल. जहाजाने गाडी इराणला उतरवायची तर कार्ने हवं, म्हणजे गाडी तिकडे विकणार नाही, परत आणीन, अशी कस्टम्सला दिलेली हमी. ते चर्चगेटच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळतं आणि त्यासाठी मोठी रक्कम अडकवावी लागते. आकडा सांगू नका. त्यांना फ्लॅटचं डाउन पेमेंट आठवेल. नेपाळचं तर नावच काढू नका. तिथे सीमेवर भन्सार, म्हणजे तिथली जकात, भरून आपली गाडी सहज नेता येते, आणि पशुपतिनाथ म्हटल्याबरोबर सासरेबुवा मागच्या सीटवर बसायला तयार होतील.

तेव्हा हनोईच. आधी आरटीओत फॉर्म 4ए भरा, हजार रुपये भरा, वर्षभराचं आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट घ्या. फोटो काढून सगळ्या ग्रुपांवर टाका, कारण त्याचा तेवढाच उपयोग होण्याची शक्यता आहे. आपलं परमिट 1949 च्या जिनिव्हा करारातलं, आणि व्हिएतनाम मानतो 1968 च्या व्हिएन्ना करारातलं. मग ट्रॅव्हल इन्शुरन्सवाले 'वैध परवाना नव्हता' म्हणून क्लेम फेटाळू शकतात. एवढ्यासाठी आत्ताच पॉलिसी वाचत बसू नका. पाय प्लास्टरमध्ये गेला की बारीक अक्षरं वाचायला निवांत वेळ मिळतो. (50 सीसीपर्यंतच्या गाडीला तिथे लायसन्स लागत नाही, पण त्या गाडीवर फोटो काय घंटा येणार?)

गाडी घ्यायची ती होंडा विन. टाकीवर होंडा असं लिहिलेलं असतं. बऱ्याचदा ते चिनी कारखान्याने लिहिलेलं असतं, पण सुबक अक्षरात. विकणारा बहुधा उन्हाने लालबुंद झालेला एखादा युरोपियन पोरगा असतो. गाडीने मला कधीच त्रास दिला नाही, असं तो सांगतो, तेव्हा त्याच्या एका हातात पाना असतो आणि दुसऱ्या हाताला बँडेज. अशा वेळी वागळे इस्टेटमधल्या तुमच्या मेकॅनिकला व्हिडिओ कॉल करण्याचा मोह आवरा. तो आवाज ऐकूनच सांगेल, "शेठ, रिंग गेलीय, धूर बघा." या लोकांना प्रवासातलं काव्य कळत नाही. दोन-तीनशे डॉलर मोजा, हेल्मेट फुकट मागा, सामान बांधायच्या बंजी दोऱ्या मागा, आणि सायलेन्सर हलतोय तो मुळातच तसा असतो यावर विश्वास ठेवा.

सोबत एक निळं कार्ड मिळेल. हीच गाडीची कागदपत्रं. कार्डावर नाव कुणा व्हिएतनामी गृहस्थाचं असेल. त्यांनी गाडी विकली त्यानंतर ती किती गोऱ्या हातांतून गेली, हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसेल, पण नाव बदलायच्या भानगडीत कुणी पडलेलं नाही. परदेशी पाहुणे हे बघून घाबरतात. परमिट एकाचं, बॅज दुसऱ्याचा, चालवतोय तिसराच, अशा रिक्षातून स्टेशनला जाणाऱ्या माणसाने घाबरायचं कारण काय?

सीमेचं म्हणाल तर, लाओस आणि कंबोडिया हे कार्ड बघून अनेकदा सोडतात. त्या दिवशी अधिकाऱ्याचं जेवण झालेलं असणं महत्त्वाचं. थायलंड व्हिएतनामी नंबरप्लेटला सहसा दारातूनच परत पाठवतो, पण तुम्ही बँकॉकपर्यंतची रेघ स्टेटसला टाकून बसला असाल तर ती राहू द्या. आणखी एक: व्हिएतनामचा ई-व्हिसा ठराविक नाक्यांवरच चालतो. तुम्ही निवडलेला ढगांतला, निर्मनुष्य, रोमांचक नाका त्या यादीत आहे का, हे आधी बघितलंत तर मजा जाते. आणि व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर लाओसमध्ये गेल्यावर परत यायला नवा काढावा लागतो, गाडीसकट विचारात पडून.

या देशांत गाडी उजवीकडून चालवतात, थायलंडात डावीकडून. पुस्तकी लोक याचा सराव करायला सांगतात. घोडबंदर रोडवर यू-टर्न लांब पडतो म्हणून समोरून येणाऱ्यांना सराव कसला सांगायचा?

शेवटी हो ची मिन्ह सिटीला पोचून गाडी विकायची. हॉस्टेलच्या भिंतीवर चिठ्ठी लावा: 'इंजिन नुकतंच केलंय.' गिऱ्हाईक गोरं आलं तर उत्तम. मराठी निघालं तर हुरळून जाऊ नका. तो आधी "ठाण्यात कुठे?" असं विचारेल, मग पाचपाखाडीत त्याची मावशी निघेल, मग भाव निम्म्यावर येईल, आणि "परत गेल्यावर जीपे करतो" म्हणत तो किक मारेल.