फिटच्या गोळ्या आणि ‘साखरेचं पाणी’: एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. त्यातला एक ग्रुप सासरचा, त्यामुळे गप्प बसणं अवघड झालं. मेसेज लांबलचक, शेवटी हात जोडलेल्या इमोजींची रांग. सार असं: फिट आली तर कांदा नाहीतर चप्पल हुंगवा, माणूस उठून बसतो. फिटची गोळी म्हणजे झोपेची गोळी; फिट थांबल्या की लगेच बंद करा, नाहीतर जन्माची सवय लागते. मेंदूला सूज आली म्हणून आयसीयूत लावतात ते मॅनिटॉल म्हणजे नुसतं साखरेचं पाणी, बिल फुगवायला. खरं औषध स्टेरॉइड, पण ते स्वस्त म्हणून देत नाहीत. आणि सगळ्यात शेवटी एका वैद्यांची पुडी, ‘साइड इफेक्ट शून्य’.

मी चौदा वर्षं न्यूरो आयसीयूत स्टाफ नर्स आहे. औषध लिहून देणं माझं काम नाही. पण ते बाटलीतून शिरेत जातं तेव्हा पलंगाशी मी उभी असते.

आधी चप्पल. चप्पल हुंगवल्यावर माणूस उठतो हे खोटं नाही. नाही हुंगवली तरी उठतो. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपल्या आपण थांबतात, आणि चप्पल शोधून आणेपर्यंत तेवढा वेळ गेलेलाच असतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, म्हणून श्रेय चपलेला. त्यापेक्षा माणसाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बोट काही घालू नका, आणि घड्याळ बघा. पाच मिनिटं उलटली तर ती साधी फिट राहत नाही. मेंदूला शांत करणारं गाबा नावाचं रसायन पेशीवरच्या ज्या ग्राहकांवर (रिसेप्टरवर) बसतं, ती ग्राहकं फिट लांबत जाईल तशी पेशीच्या आत ओढली जातात. लोराझेपाम, मिडाझोलाम ही औषधं नेमकी त्यांच्यावरच चालतात. म्हणून दहाव्या मिनिटाला जे इंजेक्शन फिट थांबवतं, तेच तासाभराने हात टेकतं. वारंवार फिट येणाऱ्यांच्या घरी डॉक्टर मिडाझोलामचा नाकात मारायचा स्प्रे देतात. किती फवारे मारायचे ते चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती चिठ्ठी फ्रिजवर चिकटवा.

तेवढ्याने थांबलं नाही तर पुढचं औषध. फेनिटॉइनचं उदाहरण घ्या. साठ किलोच्या माणसाला साधारण 1200 मिलिग्रॅम, म्हणजे शंभराच्या बारा अँप्यूल फोडायच्या. मिनिटाला 50 मिलिग्रॅमच्या वर वेग न्यायचा नाही, कारण बीपी कोसळतं आणि हृदयाचा ठोका बिघडतो. म्हणजे किमान चोवीस मिनिटं नजर मॉनिटरवर. आणि बाटली सलाइनचीच हवी. डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे ग्लुकोजच्या बाटलीत, फेनिटॉइन घातलं तर औषध साखळून पांढरी भुकटी दिसायला लागते. ट्रेनिंगमध्ये आमच्या सिस्टर ट्यूटरनी मुद्दाम करून दाखवलं होतं; ती गढूळ बाटली अजून डोळ्यांसमोर आहे. फॉसफेनिटॉइन (शरीरात गेल्यावर फेनिटॉइनच बनणारं औषध), व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासेटाम या फिटच्या तीन औषधांची तुलना 2019 साली प्रसिद्ध झाली: तिघंही जवळपास सारखीच, आणि प्रत्येकाने साधारण निम्म्याच रुग्णांच्या फिट थांबवल्या. कांदा या शर्यतीत नव्हता.

‘फिटची गोळी म्हणजे झोपेची गोळी’ याला शंभर वर्षांपूर्वी थोडा आधार होता. 1912 साली जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान या डॉक्टरच्या लक्षात आलं, की झोपेसाठी दिलेल्या फिनोबार्बिटलने फिटही कमी होतात. त्या गोळीने सुस्ती येते, आजही येते. पण फेनिटॉइनची गोष्ट उलटी. ते 1908 मध्ये तयार झालं आणि झोप आणत नाही म्हणून बाजूला पडलं. 1938 मध्ये मेरिट आणि पुटनम यांनी दाखवलं, की माणसाला न झोपवताही फिट आवरता येते. त्याचे त्रास वेगळे आहेत: हिरड्या सुजतात, तोल जातो. ते डॉक्टरांना सांगायचे, गोळी बदलता येते.

सवयीचं म्हणाल तर, फिट थांबली की गोळी टाकायची हे चूक, आणि जन्मभर घ्यावीच लागते हेही चूक. ब्रिटनमधला 1991 चा एक अभ्यास आहे. दोन वर्षं फिट न आलेले हजारावर लोक त्यात होते. गोळ्या चालू ठेवलेल्यांपैकी 78 टक्के पुढची दोन वर्षं फिटविना राहिले. हळूहळू बंद केलेल्यांपैकी 59 टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांचं गोळीविना निभावलं. पण त्यांनी ती महिनोन्‌महिने मात्रा उतरवत बंद केली होती, मेसेज वाचून सोमवारपासून नव्हे. दिवस गेलेल्या किंवा मूल हवं असलेल्या बाईचा प्रश्न वेगळा. व्हॅल्प्रोएटने बाळात व्यंग येण्याचा धोका खरा आहे, म्हणून गोळी बदलायची बोलणी दिवस राहण्याआधी व्हायला हवीत. एकदम थांबवून घरी फिट आली तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं.

आता मॅनिटॉल. माझा राग खरा इथे आहे.

कवटी ही बंद पेटी. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी. यातलं एक वाढलं की दुसऱ्याला जागा सोडावी लागते, आणि जागा संपली की दाब चढतो. मॅनिटॉल साखरेचं चुलत भावंड आहे, एवढं मेसेजमधलं बरोबर. पण शरीर ते साखरेसारखं जाळत नाही. ते जसंच्या तसं मूत्रपिंडातून बाहेर पडतं. रक्तातून मेंदूत ते सहजी शिरत नाही, म्हणून रक्तातच राहून मेंदूतलं पाणी बाहेर ओढतं. लोणच्याला मीठ लावल्यावर कैरीला पाणी सुटतं ना, तसंच. किलोमागे पाव ते एक ग्रॅम, पंधरा-वीस मिनिटांत. थोड्या वेळात लघवीची पिशवी भरायला लागते, आणि त्या पिशवीतला प्रत्येक आकडा मी तक्त्यावर लिहिते. रक्तातलं सोडियम आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासत राहायचं, कारण हेच औषध जास्त झालं तर किडनीवर येतं. साखरेच्या पाण्याची एवढी बडदास्त कोण ठेवतं?

थंडीत या बाटलीत खडे धरतात. रात्रपाळीला ती दिव्यासमोर धरून बघायची. आत काचेच्या सुयांसारखं चमकलं तर गरम पाण्यात ठेवून विरघळवायची, अंगाइतकी कोमट होऊ द्यायची, मग फिल्टरच्या सेटमधून लावायची. बिलाचं म्हणाल तर मॅनिटॉल जीवनावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, किमतीवर सरकारी मर्यादा आहे. आयसीयूचं बिल फुगतं हे मी नाकारत नाही, पण मॅनिटॉलने नव्हे.

स्टेरॉइडचं उत्तर थोडक्यात. ट्यूमरभोवतीच्या सुजेत, क्षयाच्या मेनिंजायटिसमध्ये (मेंदूच्या आवरणाच्या सुजेत) डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतातच. डोक्याला मार लागलेल्यांना मात्र देत नाहीत, आणि त्याचं कारण 2004 चा क्रॅश नावाचा प्रयोग: दहा हजार रुग्ण, दोन आठवड्यांत स्टेरॉइड दिलेल्यांपैकी 21.1 टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी 17.9. त्याआधी ते सर्रास दिलं जात होतं.

राहिली पुडी. झटक्यांवरच्या देशी म्हणवणाऱ्या पुड्यांत फिनोबार्बिटल सापडल्याची प्रकरणं आपल्या देशात झाली आहेत. म्हणजे तीच 1912 ची झोपेची गोळी, कुटून, मात्रा न लिहिता. गुण येतो तो त्यामुळे. घरी कोणी अशी पुडी घेत असेल तर माझं वाचून ती आज एकदम बंद करू नका. आत फिनोबार्बिटल असेल तर अचानक थांबवण्यानेच फिट येईल. कागदासकट घेऊन या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.