मनीष नगरच्या भाऊंच्या एका ताऱ्याला इतवारीहून उत्तर

नमस्कार भाऊ,

नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या मसाला-पापडाच्या दुकानाला एकच तारा देणारा तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला आणि सोमवारी दुकानात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं : "यांचं अ‍ॅप ना प्ले स्टोअरवर, ना अ‍ॅप स्टोअरवर. वेबसाइट उघडा आणि होम स्क्रीनवर जोडा म्हणतात. नुसता जुगाड. सावजी मसाला ६८० रुपये किलो दिसला, दोनदा रिफ्रेश केलं तरी ६८०च. घरी आलेल्या पोराने ७६०ने पैसे घेतले. नोटिफिकेशन एकही येत नाही. सरळ फसवणूक." सोबत स्क्रीनशॉट लावला, ते फार बरं केलं. त्यातूनच निम्मा उलगडा झाला.

आधी पैशांचं बोलू. तुम्ही दोन किलो घेतला होता, म्हणजे १६० रुपये जास्तीचे गेले. ज्या यूपीआयवरून तुम्ही पैसे दिले त्यावरच सोमवारी शटर उघडताच परत पाठवले आहेत. "अ‍ॅपचं काय घेऊन बसले भाऊ, बिल पाहा ना," असं आमचा पोरगा तुमच्या दारात म्हणाला, हेही त्याने कबूल केलं. गिऱ्हाइकाशी असं बोलायचं नसतं. पण त्याच्या हातात दुकानातून छापून दिलेलं बिल, तुमच्या हातात फोन, आणि दोन्हीवरचे आकडे आमचेच. भर दुपारच्या उन्हात तुम्हा दोघांची जुंपून दिली ती आम्हीच, त्यामुळे माफी त्याने नाही, मी मागतो.

आता ६८०चे ७६० झाले कसे, ते सांगतो. कळमन्याच्या बाजारात मिरची चढली म्हणून शुक्रवारी संध्याकाळी आम्ही भाव बदलला. दुकानातल्या कॉम्प्युटरवर बदलला, बिलात बदलला, तुमच्या फोनवर मात्र जुनाच राहिला.

आमचं जे आहे त्याला प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप म्हणतात, तोंडी पीडब्ल्यूए. आतून वेबसाइटच, वागायला अ‍ॅपसारखी. तुम्ही ती पहिल्यांदा उघडली की सर्व्हिस वर्कर नावाचा एक छोटा प्रोग्राम तुमच्या ब्राउझरमध्ये मुक्कामाला येतो आणि पान व इंटरनेट यांच्या मधोमध बसतो. जुन्या दुकानातला मुनीम आठवा. काही मागितलं की तो आधी मागच्या कोठीत बघणार, तिथे नसेल तरच पोराला बाजारात धाडणार. या कोठीला कॅश म्हणतात. गल्ल्यातल्या कॅशशी तिचा संबंध नाही, आमच्या वडिलांचा मात्र आठवडाभर तोच समज होता. कोठीत माल असल्यामुळे दुसऱ्यांदा पान चटकन उघडतं आणि रेंज गेली तरी यादी दिसत राहते.

आमची चूक इथे झाली की चटण्या-पापडांच्या फोटोंसोबत भावसुद्धा त्याच कोठीत ठेवले होते. कुरडईचा फोटो वर्षभर तोच चालतो, मिरचीचा भाव कसा चालेल? भाव बदलायचा म्हणजे दर वेळी या प्रोग्रामची नवी आवृत्ती पाठवायची, असा सगळा कारभार होता. नवी आवृत्ती तुमच्या फोनपर्यंत पोचली असणार, पण तिला बसायला जागा मिळाली नाही. ब्राउझरचा नियम असा की जुन्या सर्व्हिस वर्करच्या हाताखाली एक जरी पान उघडं असेल, तरी नव्याने दाराबाहेर थांबायचं. आणि रिफ्रेश केल्याने जुना उठत नाही, कारण नवं पान येऊ लागेपर्यंत जुनं जात नाही, जागा मधे क्षणभरही मोकळी होत नाही. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये खाली सफारीची पट्टी दिसते. म्हणजे तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लिंकवरून कधीतरी टॅब उघडला आणि तो तसाच राहिला. आपण सगळेच असे टॅब ठेवतो, माझ्या फोनवर आत्ता मोजायची हिंमत होत नाही इतके आहेत. तुम्ही रिफ्रेश केलंत तेच कुणीही शहाणा माणूस करेल, आणि तरीही ६८०च दिसणार होते.

हा नियम तसा वाईट नाही. अर्धं पान जुनं आणि अर्धं नवं असा घोळ होऊ नये म्हणून तो केलेला आहे. आपला कुठला माल कोठीत ठेवायचा आणि कुठला रोज ताजा आणायचा, एवढी अक्कल दुकानदाराला हवी. हे सगळं सांभाळतो माझा भाचा, आणि त्याने दोन रात्री बसून दुरुस्ती केली. आता भावासाठी दर वेळी आधी इंटरनेटवर विचारणा होते. रेंज नसेल तरच शेवटचा ठाऊक असलेला भाव दिसतो, त्याच्याखाली तारीख असते. शिवाय ऑर्डर देताना तुमच्या स्क्रीनवर जो भाव होता तोच बिलात जातो. मधल्या वेळात मिरची वाढली तर फरक आमच्या खिशातून. हे खरं म्हणजे पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं.

नोटिफिकेशनचं कारण वेगळं आहे आणि त्यात आमच्या हातात फार काही नाही. अँड्रॉइडवर क्रोममध्ये वेबसाइटलाही नोटिफिकेशन पाठवता येतं, परवानगी दिली की झालं. आयफोनवर अ‍ॅपलने ही सोय २०२३च्या मार्चमध्ये, आयओएस १६.४ पासून दिली. तीही फक्त होम स्क्रीनवर जोडलेल्या वेब अ‍ॅपला, सफारीत उघडलेल्याला नाही. म्हणून आमची काउंटरवरची मुलगी ज्याला-त्याला "होम स्क्रीनवर जोडा" म्हणत असते. आयफोन स्वतःहून तसं विचारतही नाही. सफारीत चौकोनातून वर जाणारा बाण दाबायचा, यादीत "होम स्क्रीनवर जोडा" शोधायचं, मग तिथल्या चिन्हावरून उघडून घंटीचं बटण दाबायचं. एकदा पुन्हा मोबाइल नंबर टाकावा लागू शकतो. हे बोर्डावर नीट लिहायला हवं होतं, आता लिहिलं आहे.

राहिला जुगाड. इथे मात्र मी मागे हटणार नाही.

भाऊ, आमचं प्ले स्टोअरवर अ‍ॅप होतं. लॉकडाऊनच्या आधी बाहेरून करून घेतलं होतं, चांगले पैसे मोजून. एक दिवस मौद्याकडच्या एक मावशी दुकानात आल्या. मीच मोठ्या हौसेने त्यांना म्हटलं, आमचं अ‍ॅप घ्या, पुढच्या वेळी चक्कर वाचेल. फोन म्हणाला जागा नाही. त्या स्टुलावर बसल्या, चष्मा लावला आणि एकेक फोटो पुसू लागल्या. मी वाकून पाहिलं तर नातवाच्या बारशाचे फोटो. आधी मामाच्या हातातला गेला, मग पाळण्यातला. "एवढे कशाला पाहिजे," म्हणाल्या आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं. मी त्यांच्या हातातून फोन जवळजवळ ओढूनच घेतला. दोन किलो मसाला आणि शेवयांसाठी माणसाने नातवाचे फोटो पुसायचे? त्या रात्रीच माझं अ‍ॅपवरून मन उडालं.

बाकीची कारणं हिशेबाची. गूगलला एकदाच २५ डॉलर आणि अ‍ॅपलला दरवर्षी ९९ डॉलर, हे दुकानाला झेपतं. काही जण सांगतात की स्टोअरवाले ३० टक्के कमिशन कापतात म्हणून पीडब्ल्यूए करा. ते डिजिटल मालाला लागतं, पापड-मसाल्याला नाही, त्यामुळे ते आमचं कारण नव्हतंच. खरा खर्च पुढे असतो. अँड्रॉइडचं वेगळं, आयफोनचं वेगळं, दोन ठिकाणी तेच काम. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांप्रमाणे अ‍ॅप वेळच्या वेळी सुधारत राहिलं नाही, तर नव्या फोनवाल्यांना ते प्ले स्टोअरवर दिसेनासं होतं. आमचं तसंच झालं. करून देणारे फोन उचलत नव्हते आणि आमच्याकडे त्याचा कोडही नव्हता. पीडब्ल्यूए एकदाच लिहायचं, आपल्याच सर्व्हरवर ठेवायचं, भाचा रात्री दुरुस्ती करतो आणि सकाळी ती सगळ्यांकडे पोचते. पोचून दाराबाहेर थांबली तर काय होतं, ते आपण वर पाहिलंच.

आणि ही वाट आम्ही इतवारीत शोधलेली नाही. प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप हे नाव २०१५ मध्ये डिझायनर फ्रान्सिस बेरिमन आणि गूगलचे इंजिनिअर अ‍ॅलेक्स रसेल यांनी दिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात फ्लिपकार्टने फ्लिपकार्ट लाइट याच पद्धतीने काढलं. होम स्क्रीनवरच्या चिन्हावरून येणाऱ्यांत खरेदी करणाऱ्यांचं प्रमाण ७० टक्क्यांनी जास्त निघालं, असं तेव्हा जाहीर झालं होतं. मला या आकड्याचं फार अप्रूप नाही. चिन्ह ठेवणारा माणूस आधीच पक्का गिऱ्हाईक असतो, तो घेणारच. डेटा तिपटीने कमी लागतो, हा त्यातला आकडा मला जास्त पटला. ओलानेही २०१७ मध्ये छोट्या शहरांसाठी जेमतेम २०० केबीचं वेब अ‍ॅप केलं. आणि तुम्ही आयफोनवाले आहात म्हणून सांगतो, २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा अ‍ॅप स्टोअर नव्हतंच. बाहेरच्यांनी सफारीत चालणारी वेब अ‍ॅप करावीत, असं खुद्द स्टीव्ह जॉब्ज सांगत होते. स्टोअर २००८च्या जुलैत आलं.

सुरक्षिततेबद्दलही तुम्ही शेवटी एक ओळ टाकली आहे. सर्व्हिस वर्कर एचटीटीपीएसशिवाय, म्हणजे कुलूपबंद जोडणीशिवाय, चालतच नाही, आणि तुमचे कॉन्टॅक्ट किंवा एसएमएस आम्हाला दिसत नाहीत. मसाला विकायला ते लागतही नाहीत.

उणं काय आहे तेही सांगतो. भिवापूर-उमरेडकडच्या शेतातून कुणी रेंज नसताना ऑर्डर दिली, तर अँड्रॉइडच्या क्रोममध्ये ती जपून ठेवली जाते आणि रेंज आली की आपोआप निघते. आयफोनच्या ब्राउझरमध्ये ही सोय नाही, तिथे अ‍ॅप पुन्हा उघडेपर्यंत ऑर्डर फोनमध्येच पडून राहते. आधी याची सूचनाही येत नव्हती, आता लाल पट्टी येते. आणि प्ले स्टोअरवर नाव शोधणाऱ्याला आम्ही सापडत नाही, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. दुकान आहे की बंद पडलं, असं लोक फोन करून विचारतात. हेच पीडब्ल्यूए वेष्टन घालून प्ले स्टोअरवर ठेवता येतं, भाचा म्हणतो फार काम नाही. वाळवणाची गर्दी ओसरली की त्याच्या मागे लागतो. अ‍ॅप स्टोअरचं मात्र आत्ता कबूल करत नाही. वेबसाइटवर नुसतं वेष्टन घातलेली अ‍ॅप अ‍ॅपल सहजी घेत नाही.

तारा एकच ठेवायचा की वाढवायचा, ते तुम्ही ठरवा. फक्त तो जुना टॅब एकदा पूर्ण बंद करा, नाहीतर दुरुस्ती झालेली आवृत्तीही बाहेरच थांबेल.

आणि एक राहिलं. एवढं सगळं लिहिलंत, पण मसाल्याबद्दल एक शब्द नाही. यंदाची मिरची गेल्या वर्षीपेक्षा तेज आहे. रश्श्याला नेहमीपेक्षा अर्धा चमचा कमीच घाला.