ऑफिसला शंभरपैकी शंभर कसे पाडायचे

साहेब, नवीन चार्ज घेतलाय ना, मग आधी हे बघायचं की मार्क कशाला आहेत. २०२५ च्या जानेवारीत मुख्यमंत्र्यांनी सरकारी कार्यालयं सुधारायचा १०० दिवसांचा कार्यक्रम दिला तेव्हा काही जण उगाच घाबरले, अहो सात मुद्दे आधीच हातात दिलेले, वेबसाइट, स्वच्छता, तक्रार निवारण, क्षेत्रीय भेटी वगैरे, तपासायला भारतीय गुणवत्ता परिषद आणि १ मेला निकाल. महिला व बालविकास विभाग ८० टक्के घेऊन पहिला आला. पेपर हातात असताना नापास व्हायला वेगळीच हुशारी लागते.

स्वच्छता सोपी आहे. जिन्याखालच्या मोडक्या खुर्च्या निर्लेखनात (म्हणजे सरकारी नोंदीतून बाद करून) काढा, जुन्या फायलींचे सहा गठ्ठे बांधा, कूलर बसवा. फोटोत कूलर दिसतो, पाणी येतं का ते दिसत नाही.

खरी कमाई तक्रारींची. समजा कोणाचं सातबाऱ्यावर नाव चुकलंय आणि त्याने आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाकली, तर घाबरायचं नाही, सरळ लिहायचं 'सदर तक्रार संबंधित कार्यालयाकडे वर्ग करण्यात आली आहे, सबब निकाली', नाव चुकलेलंच राहतं पण तुमचा आकडा वाढतो, आणि त्याने चिडून परत तक्रार केली तर आणखी उत्तम, एकाच नावात दोन निकाली!

लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे, सेवा वेळेत नाही दिली तर ५०० ते ५००० रुपये दंड. पण दिवस मोजायचे कधीपासून, तर सगळ्या कागदांसह पूर्ण अर्ज मिळाल्यापासून, आणि ती तारीख पोचपावतीवर येते. मग पोच कशाला देताय? 'रेशनकार्डाची झेरॉक्स पुसट आहे, दुसरी आणा' म्हणा, मग 'आज साहेब मीटिंगला गेलेत'. अर्ज आतच आला नाही तर उशीर होणार कशाला.

आणि वर दिल्लीतही फार वेगळं नसतं हो, केंद्राच्या २०२१ च्या सुशासन निर्देशांकात राज्यांच्या आपल्या गटात गुजरात पहिला, महाराष्ट्र दुसरा, गोवा तिसरा, १० क्षेत्रं ५८ निर्देशक, काउंटरवर ताटकळलेला माणूस त्यात कुठल्या रकान्यात बसवणार?

शंभर संपले तर १५० दिवसांचा आला, त्यात ई-ऑफिस, म्हणजे फायली कागदाऐवजी संगणकावर. हे तर बेस्टच, फाइल स्क्रीनमध्ये अडकते आणि टेबल चकाचक. तपासणीवाल्यांना चहा पाजा, डॅशबोर्ड दाखवा, आणि तो सातबाऱ्यावाला नेमका त्याच दिवशी टपकला तर शिपायाला आधीच सांगून ठेवा, सर्व्हर डाऊन आहे, सोमवारी या.