रक्तात गांजा सापडला, म्हणजे नेमकं काय सापडलं?

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘नव्या मशीनला रक्तातला गांजाचा कणही सापडतो. कण सापडला की ड्रायव्हर नशेत होता, हे सिद्ध. मशीन खोटं बोलत नाही. ब्रिटनमध्ये मर्यादा 2 नॅनोग्रॅम, जर्मनीने मात्र 3.5 करून ढिलाई केली.’

पहिलं वाक्य मान्य. मिलिलिटरमागे एक नॅनोग्रॅमपेक्षा कमी टीएचसीही, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटकही, आज मोजता येतं.

घोळ आहे तो ‘सिद्ध’ या शब्दात. टीएचसी दारूसारखं वागत नाही. ओढल्यावर काही मिनिटांत रक्तातली पातळी टोकाला जाते आणि लगेच कोसळते, कारण ते चरबीत जाऊन बसतं. तिथून सावकाश झिरपत राहतं. रोज ओढणाऱ्यांना देखरेखीखाली गांजाविना ठेवलं, तेव्हा काहींच्या रक्तात महिनाभरानेही ते सापडलं. उलट, क्वचित ओढणाऱ्याचं रक्त अपघातानंतर तीन-चार तासांनी घेतलं, तर आकडा नगण्य येऊ शकतो. मशीन आणखी तल्लख केलं तरी हा पेच सुटत नाही. आपल्या मोटार वाहन कायद्याचं कलम 185 इथे जास्त शहाणं वाटतं: दारूसाठी 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची मर्यादा, पण अमली पदार्थासाठी आकडा नाही, गाडीवर नीट ताबा ठेवता येऊ नये इतका अंमल असावा लागतो.

मशीन खोटं बोलत नाही, पण ते रेणूचं आणि त्याचे तुकडे करून त्या तुकड्यांचं वजन बघतं, नाव नाही. डेल्टा-9 टीएचसी, डेल्टा-8 टीएचसी आणि नशा न आणणारं सीबीडी, तिघांचं रेणुसूत्र एकच, तुकडेही बरेचसे सारखे पडतात. वजन करण्याआधी नमुन्यातले घटक ज्या बारीक नळीतून (कॉलममधून) जाताना वेगळे होतात, तिथे ते वेगळे झाले नाहीत, तर सीबीडी तेल घेणारा उगाच अडकेल. म्हणून सुधारणा हवी ती या विलगीकरणात. आणि रक्त साठवायच्या नळीतसुद्धा! टीएचसी प्लास्टिकला चिकटतं, उबेत पडून राहिलं तर घटतं. रक्त गोठू न देणाऱ्या आणि टिकवणाऱ्या फ्लोराइड-ऑक्झलेटची करड्या बुचाची नळी, लगेच फ्रिज आणि रक्त घेतल्याची वेळ, एवढं तरी नीट हवं.

राहिली जर्मनीची ढिलाई. 2024 मध्ये तिथे मर्यादा 1 वरून 3.5 झाली, हे खरं. पण ती सीरममधली, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पातळ द्रवातली आहे, ब्रिटनची पूर्ण रक्तातली. सीरममध्ये टीएचसी पूर्ण रक्ताच्या साधारण दीडपट ते दुप्पट भरतं. म्हणजे जर्मनीचे 3.5 पूर्ण रक्तात मोजले तर 2 च्या आसपासच येतात.