गोट्यांचं पीक

जयताळ्याकडच्या ले-आऊटात घर बांधलं तेव्हा मागे दहा बाय बाराची जागा मुद्दाम सोडली. घरचा सांबार खायचा, एवढीच हौस. (पुण्याकडच्यांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीसोबतचा वेगळा.)

मुहूर्त निघाला नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या भाजून काढणाऱ्या नऊ दिवसांत. नागपुरात शहाणा माणूस तेव्हा कूलरसमोरून हलत नाही. मी पहाटे कुदळ मारली. टण्! ठिणगी उडाली. जागा बदलली. टण्! शेवटी शेजाऱ्यांची सब्बल आणली. मातीतून डोकावणारा गोटा लिंबाएवढा वाटायचा, उकरता उकरता कोहळ्याएवढा व्हायचा. कुंपणावरून काका म्हणाले, "काय करून राह्यले भाऊ, बोअर मारता काय?"

भाचा भूगर्भशास्त्र शिकतो. त्याने एक गोटा डोळ्यांजवळ धरला, सोनार अंगठी धरतो तसा. "मामा, हा बेसॉल्ट. लाव्हा थिजून झालेला. साडेसहा कोटी वर्षं जुना. सीताबर्डीची टेकडी याचीच. हाच झिजून झिजून काळी माती होते."

"किती दिवसांत?" मी विचारलं.

तो हसला. मी हसलो नाही, माझ्या हाताला फोड आले होते. पूर्व नागपुरात प्लॉट घ्यायला हवा होता म्हटलं, तर तिथे याहून जुना खडक आहे म्हणे.

मग काळ्या मातीची ट्रॉली बोलावली, शेणखत बोलावलं. शेणखतातही दोन गोटे निघाले! मृगाच्या पहिल्याच पावसात त्या मातीचा असा चिखल झाला की वाफ्यात गेलेली चप्पल वाफ्यातच राहिली. तरी सांबार पेरला. उगवला. चौदा काड्या. सात बकरीने नेल्या, उरलेल्या सात आम्ही पोह्यांवर मोजून टाकल्या.

थंडीत मुळा लावला. पाला असा तरारला की मी काकांना कुंपणापाशी बोलावून दाखवला. मुळाचं टोक खाली गोट्याला धडकलं की फाटे फुटतात, हे उपटल्यावर कळलं. कोणाला दोन पाय, कोणाला तीन. एक तर चक्क मांडी घालून बसलेला. त्याला चिरायला बायकोने साफ नकार दिला. "माझ्याकडे पाहून राह्यला तो," म्हणाली.

एवढ्यात काटोलहून आई आली. कोपऱ्यातल्या गोट्यांच्या ढिगाऱ्याभोवती ती दोनदा फिरली. मी म्हटलं, "फेकायचेच आहेत, आई."

"काऊन फेकतं बाप्पा?" तिने एक लांबट, गुळगुळीत गोटा निवडला, राखेने घासून धुतला आणि माळ्यावरचा पाटा खाली काढायला लावला. हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ, मूठभर सांबार. भाकरीसोबत तो ठेचा खाऊन काकासुद्धा बोलायचे थांबले.

सांबार गोकुळपेठेच्या बाजारातून आणला होता.