पोथी कुठवर आली? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘सध्या काय वाचता?’ या वहीविषयी मी गेल्या आठवड्यात जे लिहिले होते, त्यावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. ती मी दोनदा वाचली, आमच्या ग्रंथपाल बाईंनाही वाचून दाखवली आणि मगच उत्तर लिहायला बसले आहे. आपला आक्षेप थोडक्यात असा : वाचन ही ज्याची त्याची खासगी गोष्ट आहे आणि ती चारचौघांत मांडली की तिचे प्रदर्शन होते, अर्धवट वाचलेल्या पुस्तकाविषयी बोलणे म्हणजे शिजण्याआधीच भाताची चव सांगणे, वाचनालयाला खरोखर काही करायचे असेल तर त्याने जाणकारांकडून परीक्षणे लिहून घ्यावीत. शेवटी आपण हेही विचारले आहे की, इतरांच्या नोंदींचे कौतुक करणाऱ्या लेखिकेने आपण स्वतः काय वाचतो आहोत हे कुठेच कसे सांगितले नाही.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी एवढे सांगते की, दापोली तालुक्यात किनाऱ्यालगत असलेल्या आमच्या गावात एक लहान वाचनालय आहे आणि तिथे देवघेवीच्या टेबलावर गेल्या गणपतीपासून एक लांबट खातेवही ठेवलेली आहे. पुस्तक बदलायला येणाऱ्याने, इच्छा असेल तर, तिच्यात तारीख, नाव, सध्या हाती असलेले पुस्तक, आपण कितव्या पानावर आहोत तो आकडा आणि सुचलीच तर एखादी ओळ लिहावी, इतकीच अपेक्षा आहे.

अर्धवट वाचनाचा मुद्दा आधी घेते, कारण माझ्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. भाताचा दाखला आपण दिलात. पण भात शिजत असताना आपण एखादे शीत दाबून पाहतोच, आणि ते चवीचा निकाल देण्यासाठी नव्हे, अजून किती वेळ लागेल हे कळावे म्हणून. वहीतला पानाचा आकडा त्या शितासारखा आहे. आमच्या देवळात चातुर्मासात पोथी लागते. कधी श्रीधरांचा ‘हरिविजय’ असतो, त्याचे छत्तीस अध्याय. कधी ‘पांडवप्रताप’ असतो, त्याचे चौसष्ट. दोन दिवस येऊ न शकलेला माणूस तिसऱ्या दिवशी पायरीवर चपला काढता काढताच विचारतो, “पोथी कुठवर आली?” आणि ज्याला विचारले तो कीचकवध झाला, आता उत्तर गोग्रहण लागेल, असे काहीतरी सांगतो. समाप्तीपर्यंत कोणी ग्रंथाबद्दल बोलू नये, असे मी माझ्या आयुष्यात कधी ऐकलेले नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. त्या काळच्या वाचकांना नायिका यमूचे पुढे काय होणार हे ठाऊक नसतानाच तिच्याविषयी बोलावे लागले असणार, आणि ते बोलणे कच्चे होते म्हणून फुकट गेले असे मला वाटत नाही. पुस्तक संपल्यावर माणूस मत सांगतो. मध्यावर असताना तो शंका सांगतो, कंटाळा सांगतो, एखाद्या पात्राचा आलेला राग सांगतो, आणि हे सगळे शेवटचे पान उलटले की त्याच्या स्वतःच्याही आठवणीतून जाते.

आता वहीतलीच एक गोष्ट सांगते. दिवाळीनंतर आमच्याकडच्या एका काकूंनी एका जुन्या सामाजिक कादंबरीपुढे ‘पान ४८’ असे लिहिले. पुढच्या शनिवारी पुन्हा ‘पान ४८’. त्याच्या पुढच्या शनिवारी आकडा तोच होता आणि शेजारी बारीक अक्षरात ‘पुढचे नीट कळत नाही, माझेच लक्ष लागत नसावे’ अशी ओळ होती. ग्रंथपाल बाईंनी ती वाचली, काकूंना पुस्तक घेऊन यायला सांगितले आणि टेबलावर उघडून पाहिले, तर अठ्ठेचाळिसाव्या पानानंतर थेट पासष्टावे पान होते. सोळा पानांचा अख्खा फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा जुडगा, बांधणीतच राहून गेला होता. काकू मात्र तीन आठवडे स्वतःला दोष देत त्याच जागी परत परत येत होत्या. बाईंनी देवघेव नोंदवही काढून त्या पुस्तकाच्या दाखल क्रमांकापुढच्या नोंदी मोजल्या. पुस्तक त्याआधी बावीस वेळा घरी गेले होते आणि बावीस वेळा परत आले होते, पण पाने नाहीत असे एकानेही सांगितले नव्हते. कोणी सोळा पाने ओलांडून पुढे गेले असेल, कोणी तिथेच थांबून पुस्तक मुकाट्याने परत केले असेल. आम्हाला ते कधीच कळणार नाही. नंतर दुसऱ्या एका वाचनालयातल्या प्रतीवरून ती सोळा पाने झेरॉक्स करून आणली, खळ लावून आत चिकटवली आणि काकूंनी संक्रांतीच्या सुमारास पुस्तक पूर्ण केले.

पुस्तक कोणाच्या घरी आहे हे देवघेव नोंदवही बिनचूक सांगते, पण ते तिथे उघडले गेले की टीव्हीशेजारी पडून राहिले हे तिला सांगता येत नाही, आणि आमच्यासारख्या वाचनालयाला हीच माहिती सर्वांत कमी मिळते. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला. त्यानुसार वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळते. आम्ही त्यांतल्या शेवटच्या वर्गात आहोत, त्यामुळे वर्षाकाठी घेता येणारी नवी पुस्तके एका कपाटाच्या एका खणातही सैल बसतात. म्हणजे जी पुस्तके आहेत ती फिरली पाहिजेत, आणि ती फिरायची तर ती आत्ता कोणाच्या हातात आहेत आणि कुठवर आली आहेत हे गावाला कळले पाहिजे.

श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ ही दोन खंडांतली कादंबरी १९८७ साली आली. आमच्या वाचनालयात तिचा फक्त पहिला खंड आहे. दुसरा केव्हा आणि कोणाकडे राहिला याची नोंद सापडत नाही. ही कथा जिच्या काठी घडते त्या जगबुडी नदीचे पाणी ज्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे, त्या आमच्या भागातल्या माणसांना त्या खोतांच्या चार पिढ्यांची कथा अर्ध्यावर सोडणे किती जड जाते, हे वेगळे सांगायला नको. यंदाच्या जूनमध्ये, यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होऊन होड्या वर ओढल्या गेल्यावर, एका तरुण खलाशाने पहिला खंड नेला. तिसऱ्या आठवड्यात त्याने वहीत लिहिले, ‘पहिला भाग संपत आला. दुसरा कोणाकडे आहे का?’ चार दिवसांनी त्याच ओळीखाली वेगळ्या शाईत उत्तर आले की, वरच्या वाडीत एका घरी तो आहे, मुंबईहून आलेल्या चाकरमान्याने मागे ठेवलेला, आणि वाचून परत करणार असाल तर अवश्य न्यावा. खलाशी आणि वाडीतले ते गृहस्थ एकमेकांना चेहऱ्याने ओळखत होते, पण दोघेही वाचतात हे दोघांनाही माहीत नव्हते. आता तो खंड तिसऱ्या घरी गेला आहे. त्यावर वाचनालयाचा शिक्का नाही, तरी तो आमच्याच कपाटातला असल्यासारखा फिरतो आहे.

परीक्षणांविषयी माझे म्हणणे एवढेच आहे की, ती हवीतच. पण जाणकाराचे परीक्षण बहुधा अशा नव्या पुस्तकाचे असते, जे आमच्या कपाटात यायला दोन-तीन वर्षे लागतात. वहीतली ओळ चार घरांपलीकडच्या, आज संध्याकाळी जाऊन मागता येईल अशा पुस्तकाची असते. दोन्हींचे काम निराळे आहे.

वाचन खासगी असते, हे आपले म्हणणे मी अर्धेच मान्य करू शकते. विकत घेतलेले पुस्तक आपल्या उशाशी खासगीच असते. पण वाचनालयाचे पुस्तक आपण हातात घेतो तेव्हा त्याच्या कोपऱ्यांवर आधीच्या बोटांच्या खुणा असतात, समासात कोणाची तरी पेन्सिल फिरलेली असते आणि मागच्या कागदावर तारखांचे शिक्के असतात. आपल्या रत्नागिरीत १८२८ पासून वाचनालय आहे. एक प्रत अनेकांनी वाचायची, ही गोष्ट या जिल्ह्याला इतकी जुनी आहे.

प्रदर्शनाविषयी मात्र आपण जे लिहिलेत ते मला लागले, कारण ते बऱ्याच अंशी खरे आहे. पहिले दोन महिने वहीत केवळ मोठी, मान्यवर नावे येत होती. त्याच काळात देवघेवीत सर्वाधिक जाणारी पुस्तके होती रहस्यकथा, पाककृती आणि स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके. त्यांतले एकही वहीत उतरले नव्हते. लोक वाचत होते एक आणि लिहिण्याचे धाडस करत होते दुसऱ्याचेच. हे आमच्या लक्षात उशिरा आले. तेव्हा ग्रंथपाल बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिले : ‘लोणच्यांचे पुस्तक, पान ३०, मोहरी फेसण्याची रीत पुन्हा वाचते आहे.’ त्यानंतरच्या शनिवारी तीन रहस्यकथा आल्या, आणि एका आठवीतल्या मुलीने, आपण मागे ज्या जाड ग्रंथाचे नाव लिहिले होते तो दहा पानांनंतर ठेवून दिला, असे सरळ लिहिले. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे असे एक सूत्र आहे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असे लगेच पुढचे. लोणच्याच्या पुस्तकालाही त्याचा वाचक असतो, आणि त्याला संकोच वाटत असेल तर ती उणीव आमच्या मांडणीची आहे. म्हणून आपल्या प्रतिक्रियेनंतर आम्ही ठरवले आहे की, येत्या महिन्यापासून नावाचा रकाना ऐच्छिक राहील. फक्त वाडी लिहिली तरी चालेल. त्याच्या जोडीला ‘प्रत कोणाची’ असा नवा रकाना आखतो आहोत, म्हणजे घरगुती पुस्तकेही मागता येतील. ही सूचना आपण केली नव्हती, पण आपल्या आक्षेपावर विचार करतानाच ती सुचली, याबद्दल मी मनापासून आभारी आहे.

राहिला माझ्या स्वतःच्या वाचनाचा प्रश्न. आपले म्हणणे रास्त आहे, म्हणून या शनिवारी मीही वहीत नोंद केली. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ मी गुढीपाडव्याला हाती घेतले. १९५६ सालचे हे पुस्तक चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिन्यागणिक एक लेख असे रचलेले असल्यामुळे मी यंदा ते त्याच चालीने वाचते आहे. महिना लागला की त्याचा लेख काढायचा, दोन-तीनदा वाचायचा आणि उरलेले दिवस तो आवारात ताडून पाहायचा. सध्या मी आषाढात आहे. बाहेर सलग चौथा दिवस पाऊस लागलेला आहे, पाने दमट झाली आहेत आणि कसर लागू नये म्हणून मी पुस्तकात वेखंडाचा तुकडा ठेवला आहे. प्रत माझीच आहे. शिमग्यानंतर ती कोणालाही नेता येईल, आणि त्याआधी कोणाला एखाद्या महिन्यापुरती हवी असेल तर श्रावणाचा लेख वाचून होताच मी ती टेबलावर आणून ठेवीन.